येते

धायरीच्या पायल ओव्हाळने डॉक्टरकी शिकताना दोन महिने आफ्रिकेतल्या मलावी देशात एका खेड्यातल्या दवाखान्यात काम केलं. तिकडची भाषा ती मोडकीतोडकी शिकली. एका शनिवारी काम संपल्यावर, खाटेवरच्या ग्रेसआजींचा हात दाबून ती त्यांच्या भाषेत म्हणाली, "येते." निघताना जाते म्हणायचं नसतं, हे आईने लहानपणापासून बजावलेलं.

सोमवारी खाट रिकामी होती. नर्सने सांगितलं, "डॉक्टर आत्ता परत येतेय म्हणून आजी व्हरांड्यात जाऊन बसल्या. जेवल्या नाहीत, खाटेवर परत यायला तयार नव्हत्या. रविवारी सकाळी बसल्या जागीच गेल्या."

पुण्याला परतल्यापासून पायल घरातून निघताना सरळ "जाते" म्हणते. त्याचं कारण तिने कुणालाच सांगितलेलं नाही. तिची आई चंद्रभागाबाई रोज चिडते. "येते म्हणायला काय जीभ झिजते का तुझी?" पायल बुटाची नाडी बांधते.

काल मात्र आई थकून म्हणाली, "बरं बाई, नको म्हणूस. मी बसते दारात, तू येईपर्यंत."

पायलने बांधलेली नाडी सोडली आणि ती आईच्या पायाशी बसून राहिली.