अम्मांच्या मन्नतीचा बोकड

माझ्या सासूबाई हुसेनबी वाईत बांगड्या भरतात. जीभ अशी तिखट, की कुणाच्याही घरी जेवल्या तरी नावं ठेवल्याशिवाय उठत नाहीत. मोतीबिंदू वाढला तेव्हा त्यांनी मन्नत मानली, ऑपरेशन नीट झालं तर बोकड देईन. डोळ्याला लख्ख दिसू लागलं, तशा त्या मौलानांकडे गेल्या.

मौलाना म्हणाले, "मन्नतीचं मटण गरिबांचं. तुम्ही खायचं नाही, तुमच्या मुलानातवंडांनीही नाही. गरीब बहीण असेल, तर तिला चालतं."

"म्हंजी मी निस्तं बघायचं व्हय?" अम्मा भडकल्याच.

पण शिरवळला त्यांची धाकटी बहीण होती, जैतुनखाला. नवऱ्यामागं मोलमजुरी करून पोरी वाढवणारी. बोकड तिच्याच दारात कापला आणि सगळं मटण अम्मांनी तिच्या हवाली केलं. मग ओसरीवर तोंड फिरवून बसल्या.

रस्सा शिजल्यावर खालानं ताट आणून पुढ्यात ठेवलं. "जेव."

"मला चालत न्हाई, बये."

"दिलंस न्हवं मला? मग आता मटण माझं हाय, आन् तू माझी पाहुणी."

अम्मांनी मला मौलानांना फोन लावायला लावला. ते हसून म्हणाले, "आता बहीण जेवायला घालतीय. खुशाल जेवा."

अम्मांनी ताट चाटूनपुसून साफ केलं.

"मीठ कमी हाय," त्या म्हणाल्या, आणि ताट पुन्हा पुढं केलं.