अजून अख्खा

आनाक्लेतो सुल्काला लोक पहिल्यांदा ‘एंतेरो’ म्हणाले ते त्याच्या बायकोच्या मयताच्या दिवशी. पेटीला पुढून खांदा देऊन तो दफनभूमीची चढण न थांबता चढला, तेव्हा मागून कुणीतरी म्हणालं, “बघा, म्हातारा अजून एंतेरो आहे!”

एंतेरो म्हणजे अख्खा. पेरू देशातल्या आयाकुचोच्या आमच्या डोंगरात तडा न गेलेल्या मडक्याला हाच शब्द, न मोडलेल्या पावालाही हाच, आणि वय होऊनही ज्याची पाठ, गुडघे, दात जागच्या जागी आहेत अशा माणसालाही हाच. तरुणाला कुणी एंतेरो म्हणत नाही. तो अख्खा असायचाच, त्यात काय सांगायचं?

आनाक्लेतोला आधी बरं वाटलं. मग हळूहळू ध्यानात आलं, की या शब्दाच्या मागोमाग एखादं ओझं येतंच येतं.

“मामंजी, तुम्ही तर एंतेरो!” असं म्हणत सून नेलिदा लाकडाची मोळी त्याच्या पाठीवर चढवायची. “तायता, तुमच्यासारखा एंतेरो माणूस गावात दुसरा कोण? वरच्या कुरणातल्या मेंढ्या तेवढ्या आणा,” असं शेजारी म्हणायचे. वडीलधाऱ्याला तायता म्हणायचं आणि कामाला लावायचं. त्याचा धाकटा भाऊ एउस्ताकिओ मात्र कंबर धरून दिवसभर भिंतीशी उन्हात बसलेला असायचा. त्याला सुपाचा वाडगा जागेवर मिळायचा.

“तू येडा आहेस,” भाऊ एकदा म्हणाला. “जरा लंगड की. डावा पाय ओढायचा, उठताना आई गं म्हणायचं. चार दिवसांत तुझ्यापुढंही वाडगा येईल.”

“आणि मग जन्मभर लंगडत बसू? त्यालाही दम लागतो.”

“मग मर वाहून वाहून.”

पेरणीआधी गावाचा पाट साफ करायचा असतो. सभेत पाटाचा मुखिया रुफिनो आताउकुसी म्हणाला, “म्हाताऱ्यांना यंदा सूट.” आनाक्लेतोनं थकवा मारायला चघळतात ती कोकाची पानं गालात सारली आणि सुटकेचा श्वास टाकला. तेवढ्यात कुणीतरी ओरडलं, “तायता आनाक्लेतोला कसली सूट? तो आपल्या पोरांना पुरून उरेल!” सगळे हसले, टाळ्या पडल्या. एवढ्या कौतुकानं बघणाऱ्या माणसांना नाही कसं म्हणायचं? ठरल्या दिवशी तो फावडं घेऊन निघाला.

पाटावर सकाळपासून तो फावड्यानं गाळ उपसत होता. दुपारी बायका शिजवलेला मका घेऊन आल्या. खाऊन झाल्यावर शिट्टी वाजली, माणसं उठली. आनाक्लेतो दगडावर बसून राहिला.

रुफिनो जवळ आला. “काय झालं, तायता? कुठं दुखतंय?”

“कुठं नाही.”

“गरगरतंय?”

“नाही.”

“मग उठा की.”

“दमलोय.”

“अहो, सगळेच दमलेत!”

“तुमचं दमणं झोपलं की जातं,” आनाक्लेतो म्हणाला. “माझं जात नाही.”

कुणाला काही समजेना. म्हाताऱ्याला डोंगरचं वाईट वारं लागलं असेल म्हणून दोघांनी त्याला धरून खाली दवाखान्यात नेलं. रुफिनोही बरोबर गेला. तिथल्या नर्सनं, येसेनियानं, रक्तदाब बघितला, छाती ऐकली, गुडघे वाकवून पाहिले.

“काही झालेलं नाही यांना. माझ्या बापापेक्षा एंतेरो आहेत.”

“मी काय म्हणत होतो!” रुफिनो म्हणाला.

आनाक्लेतो सदऱ्याची बटणं लावत होता. बोटं नीट चालत होती, तेही त्याला नकोसं झालं. “पोरी, मडक्याला तडा गेला नाही म्हणून ते चुलीवरून कधी उतरवायचंच नाही का?”

“माझ्याकडं दमण्यावर गोळी नाही, तायता,” ती म्हणाली.

तो पाटावर परत गेला नाही. संध्याकाळपर्यंत गावभर झालं, आनाक्लेतो संपला. एक तर अख्खा, नाही तर संपलेला. मधला शब्द गावाकडं नव्हता. माणसं त्याच्याशी हळू आवाजात बोलू लागली, कौतुक आटलं. ते त्याला टोचलं. खरं सांगायचं तर बरंच टोचलं. तरी तो भावाशेजारी भिंतीशी जाऊन बसला आणि बसल्या बसल्या झोपी गेला.

नेलिदा काही दिवस धुसफुसत वाडगा आदळत होती. मग एका सकाळी ती शेणखताचं गाठोडं पाठीला बांधून वरच्या शेताकडं निघाली आणि अंगणातच खाली बसली. नवरा लिमाला बांधकामावर, घरात कामाला दुसरं कुणी नाही. आनाक्लेतो तिच्याकडं बघत राहिला.

“मी पण दमते हो, मामंजी,” ती मान वर न करता म्हणाली. “मला कुणी दवाखान्यात नेलं नाही.”

तो उठला, घरातून दुसरं कांबळं आणलं आणि गाठोडं सोडून अर्धं खत त्यात काढून आपल्या पाठीला बांधलं.

“अर्ध्या अर्ध्या ओझ्यानं कधी व्हायचं हे?” ती म्हणाली.

“होईल तेव्हा होईल.”

दोघं निघाली. वाटेत जिथं जिथं दगडी बांध लागला तिथं तिथं दोघंही टेकली, आणि कुणी कुणाला घाई केली नाही. त्या वर्षी सुल्कांचं शेत गावात सगळ्यांत उशिरा पेरलं गेलं. पीक जेमतेम आलं.