राबावरची ती टिटवी नव्हती

मला राग लवकर येतो, हे आमच्या शाळेतल्या बाकांनासुद्धा ठाऊक आहे. शहापूरच्या शाळेत मी विज्ञान शिकवते आणि राहते आटगावच्या पलीकडे, सासरच्या गावी. घर भातशेतीचं. लग्न होऊन आले तेव्हापासून दारातून टिटवी ओरडत गेली नाही असा दिवस आठवत नाही. तरी टिटवी कशी असते हे मला चारचौघांत समजावून सांगितलं गेलं, आणि तेही आमच्याच निसर्ग मंडळात.

मंडळ म्हणजे शहापूर आणि मुरबाडची आम्ही काही हौशी मंडळी. मास्तर, दुकानदार, पोस्टातले एक गृहस्थ, मुरबाडला दवाखाना असलेल्या एक डॉक्टरीणबाई, ज्यांचा कॅमेरा उचलायलाच एक माणूस लागावा. आणि सगळ्यांच्या वर सर. प्राध्यापकी करून निवृत्त झालेले, माणूस सोन्यासारखा, पण पक्ष्यांच्या बाबतीत निव्वळ फौजदार. त्यांचा नियम एकच: फोटो नाही, तर पक्षी नाही. दरवर्षी पळस-पांगारा फुलला की होळीच्या आधीच्या एका रविवारी आम्ही पहाटे गटागटाने बाहेर पडतो आणि संध्याकाळी शाळेच्या हॉलमध्ये जमून कुणी काय पाहिलं ते सांगतो. कुणी सिद्धगडच्या रानात स्वर्गीय नर्तक पाहिलेला असतो, कुणी पळसावर भोरड्यांचा थवा. नवा पक्षी आणणाऱ्याला टाळ्या मिळतात. त्या टाळ्यांसाठी आम्ही किती चिखल-काटे तुडवतो ते आमचं आम्हाला माहीत.

दोन वर्षांपूर्वी मी असा एक पक्षी पाहिला. आमच्याकडे भाताचं रोप टाकायची जागा आधी भाजून काढतात. शेण पसरायचं, त्यावर ऐनाचा वाळलेला टहाळ, वर गवत-पाचोळा, वरून मातीचा हात, आणि वारा पडला की काडी लावायची. याला राब भाजणं म्हणतात. आमच्या सगळ्या भाऊबंदांचे राब माळावर एकाला एक लागून आहेत, त्यामुळे भाजणी झाली की तो सगळा पट्टा काळा कुळकुळीत होतो. त्या काळ्यावर सकाळी मला एक पाखरू दिसलं. मातकट रंगाचं, उंच पायांचं, डोकं विटकरी, आणि डोळ्यांवरून मानेपर्यंत काळी-पांढरी रेघ, कुणी काजळाची काडी ओढावी तशी. धावायचं, गपकन थांबायचं, ताठ उभं राहायचं, वाकून किडा टिपायचं आणि पुन्हा धावत सुटायचं. तोंडातून चकार शब्द नाही. घरी येऊन पुस्तक उघडलं. धाविक! देशावरच्या उघड्या-बोडक्या माळावरचा पक्षी, आणि आमच्या राबात.

हॉलमध्ये मी उभी राहून सांगितलं तेव्हा सरांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले की धाविक घाटावरचा, इकडे आमच्या नोंदीत कधी आलेला नाही, आणि लांबून पाहिलं की असं होतं. मग अगदी प्रेमाने पुढचं वाक्य बोलले.

"टिटवी असेल, ताई."

हॉलमध्ये हशा पिकला. मी मूग गिळून खाली बसले. पण आतून नुसता भडका उडाला होता. मी रोज मुलांना सांगते की डोळ्यांनी पाहिलं ते लिहा, कुणी मोठा म्हणाला म्हणून खोडू नका. आणि माझंच पाहिलेलं चारचौघांत खोडलं गेलं. टाळ्या गेल्या खड्ड्यात, मला माझा शब्द खरा करून हवा होता.

पुढच्या वर्षी मी हट्टाने सरांचा गट आमच्या माळावर बोलावला. पाहुण्यांना धुराचा त्रास नको, पाखरूही बुजायला नको, म्हणून धाकट्या दिरांना विनवण्या केल्या की या रविवारपर्यंत तेवढा राब भाजू नका. दीर कुरकुरले, पण थांबले. त्यांच्यामुळे आजूबाजूचे भाऊबंदही थांबले. मंडळी आली. मी सगळ्यांना चहा-पोहे दिले आणि मोठ्या ऐटीत माळावर नेलं. तिथे काय होतं? वाळका टहाळ आणि गवत. उन्हं वर आली तरी दुसरं काही नाही. आणि नेमकी तेव्हा, वैऱ्यालाही येऊ नये अशी वेळ, बांधावरून एक टिटवी उठली आणि आमच्या डोक्यावरून बोंबलत गेली. सर दुर्बिणीची काच पुसत राहिले, पण पोस्टातले गृहस्थ म्हणालेच, आला बघा ताईंचा धाविक. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. त्या दिवसापासून मंडळाच्या ग्रुपवर मी सुप्रभात टाकलं तरी कुणीतरी टिटवीचं चित्र टाकायचं.

मंडळी गेल्यावर दोन-तीन दिवसांत वारा पडला आणि दिरांनी राब भाजला. दुसऱ्या सकाळी मी गोठ्याकडे निघाले होते. काळ्या जमिनीवर तो उभा. तोच ताठ बाणा, तीच काजळाची रेघ. मोबाईलमध्ये फोटो काढला, त्यात खडा आला की पक्षी ते मलाही सांगता येईना. पण मी तिथल्या तिथे कपाळावर हात मारून घेतला. अगं बाई, त्याला धूर नको नव्हता, त्याला राख हवी होती! गवत जळल्याशिवाय त्याला धावायला मोकळं मैदान मिळत नाही, भाजलेले किडे मिळत नाहीत. राब थांबवून मीच त्याची पंगत उठवली होती. विज्ञानाची बाई म्हणे.

यंदा मी कुणाला काही सांगितलं नाही. फक्त दिरांना म्हटलं, मंडळाच्या रविवारआधी राब भाजून झाला पाहिजे. ते माझ्याकडे बघतच राहिले. गेल्या साली भाजू नका, या साली भाजा, वैनी, तुमचं डोकं ठिकाणावर आहे का, असा एकूण भाव. पाखरांसाठी राब भाजला हे गावात कळलं तर लोक काय म्हणतील, हीसुद्धा चिंता. मग मी सुट्टीच्या दिवशी त्यांच्याबरोबर टहाळाचे भारे वाहिले, शेण पसरलं, हाताला फोड आले तरी तोंडातून ब्र काढला नाही. आभाळ स्वच्छ होतं, पण वारा काही पडेना. शुक्रवारी दुपारपर्यंत माझा जीव टांगणीला. संध्याकाळी पळसाचं पान हलायचं थांबलं तसे दीर काडेपेटी घेऊन निघाले.

"तुमच्यासाठी नाय वैनी," जाता जाता म्हणाले, "वारा पडला म्हून."

त्यांचं बघून भाऊबंदांनीही काड्या लावल्या. रविवारी सर आले ते पांढरा शुभ्र सदरा घालून. बरोबर डॉक्टरीणबाई आणि पोस्टातले. सर आमच्याकडे पुन्हा आले हा त्यांचा मोठेपणा, हे मला कबूल करायला हवं. पण माळाचा तो काळा पट्टा पाहून त्यांचा चेहरा पडला. जळक्या जमिनीवर काय मिळणार, असं म्हणून ते बांधावरच्या पांगाऱ्याकडे वळले. तिथे शिंजीर होते, मैना होत्या, सगळ्यांच्या माना वर. डॉक्टरीणबाईंनी कॅमेरा फुलांवर लावला. मी एकटी खाली बघत उभी. राखेवर काही हलत नव्हतं. आजही नाही आला तर मी मंडळ सोडणार होते, मनाशी ठरवूनच आले होते.

आणि एक ढेकूळ धावलं.

मी सरांच्या कोपराला हात लावला. बोट खाली केलं. ढेकूळ थांबलं, ताठ झालं, मान वळवली. विटकरी डोकं, काळी-पांढरी रेघ, सकाळच्या उन्हात स्पष्ट. त्याच्या मागे दुसरं. जोडी होती, जोडी! आणि सर, त्या वयाचा तो माणूस, तो पांढरा सदरा घातलेला, राखेत पोटावर आडवा झाला. दुर्बीण डोळ्यांना लावून कोपरांवर सरकत चालला. पोस्टातले गृहस्थ तोंड उघडं टाकून बघत होते. डॉक्टरीणबाईंनी कॅमेरा फिरवला, तेवढ्यात त्यांच्या नाकात राख गेली आणि अशी दणदणीत शिंक आली की दोन्ही पाखरं उडून पार टेकडीमागे गेली. कॅमेऱ्यात आली ती नुसती राख, जरा हललेली.

संध्याकाळी हॉल भरलेला. सिद्धगडचा गट झाला, बाकीचे झाले. शेवटी सर उठले, घरी न जाता थेट आलेले, छातीपासून पोटापर्यंत काळे. म्हणाले, धाविक, जोडी, आटगावच्या पलीकडे, भाजलेल्या राबावर. आणि मागून मुरबाडच्या एका मुलीने, अगदी साळसूदपणे, फोटो दाखवा म्हटलं. नियम तो नियम. सरांनी डॉक्टरीणबाईंकडे पाहिलं, त्यांनी जमिनीकडे. सर अडकले. दोन वर्षं मी ज्या जागी उभी होते, तिथे आता ते उभे होते, सदऱ्याला राख आणि हातात काही नाही.

मला गप्प बसता आलं असतं. पण नाही बसले.

"टिटवी असेल, सर," मी म्हटलं.

हॉल असा हसला की छपराचे पत्रे वाजले. सरसुद्धा हसले, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. मग त्यांनी सगळ्यांसमोर मला हात जोडले, आणि ते थट्टेने नव्हे.

"टिटवी नाही," ते म्हणाले. "धाविकच आहे. ताईंनी दोन वर्षांपूर्वी पाहिला तेव्हाही धाविकच होता. तसा लिहा, त्याच वर्षापासून."

टाळ्या बऱ्याच वेळ वाजत होत्या, पोस्टातल्या गृहस्थांच्या सगळ्यांत जोरात. मी खाली बसले नाही. उभी राहून एकूण एक टाळी ऐकून घेतली.