दोन सीटांची गाडी आणि चाकूरचा परण्या

आमच्या गाडीला दोनच सीटा आहेत, हेच तिचं दुखणं. शेजारची सीट रिकामी दिसली की सासरच्या माणसांना तिथं नवरदेव बसवावासा वाटतो.

गाडी मूळची बाबांची. लाल, बुटकी, वरचा कापडी टप मागं दुमडता येणारी. नांदेडला दवाखाना चालवायचे तेव्हा त्यांनी ती हैदराबादच्या एका म्हाताऱ्या वकिलाकडून हौसेनं घेतली. रविवारी मला शेजारी बसवायचे आणि लोह्याच्या रस्त्यानं सुटायचे. माझ्या केसांचं टोपलं व्हायचं, तोंडात वारा भरायचा. पुढं मला चालवायलाही त्यांनीच शिकवलं, आणि शिकवताना एकच शब्द. "दाब!" समोर ट्रॅक्टर असो की म्हशी, "दाब, बेटा, दाब!" आई घरी देव पाण्यात घालून बसायची. खरं सांगते, तसलं सुख मला पुन्हा कशात मिळालं नाही.

हात थरथरायला लागले तसे बाबांनी गाडी मला देऊन टाकली. ती लातूरला माझ्या सासरी आली आणि तिची घोडी झाली! आमच्याकडं लग्न लागायच्या आधी नवरदेवाचा परण्या निघतो. वाजतगाजत मारुतीला जायचं, पाया पडायचं, मग मांडवात. पूर्वी घोडा असायचा. आता भावकीतल्या प्रत्येक नवरदेवाला ही गाडीच लागते. आमचे हे भिडस्त. "न्हाई" म्हणायला यांची जीभच वळत नाही. लांबचा रस्ता गाडीनं किती दिवसांत बघितलाच नव्हता. बँडच्या मागं मुंगीच्या पावलानं चालायचं, क्लच जळल्याचा वास घ्यायचा, एवढंच तिच्या नशिबी उरलं होतं. आणि माझ्याही.

गेल्या लग्नसराईत भाऊ बाबांना पुण्याला न्यायला आला. कायमचं. नांदेडचं घर रिकामं करून झालं होतं. फोनवर बाबा म्हणाले, "बेटा, गाडी घेऊन ये. जायच्या आधी एकदा तुझ्या बाजूला बसतो." मागून भाऊ ओरडला, "ताई, जेवणं झाली की आम्ही निघणार. उशीर करू नको."

सकाळीच चावी उचलली, तर हे चहा पिता पिता म्हणतात, "चाकूरला जरा थांबशील का? आत्याच्या नातवाचा परण्या आहे. मी शब्द देऊन बसलोय. वाटेतच तर आहे. पाच मिनिटांचं काम."

अंगाचा नुसता तिळपापड झाला. पण लातूर मागं पडलं, टप उघडला, दोन्ही बाजूंना हरभरा आणि थंड वारा, आणि राग कुठल्या कुठं गेला. मी मोठ्यानं गायला लागले.

चाकूरला गाणं संपलं. मांडव रस्त्याच्या एका अंगाला, मारुती बराच पुढं दुसऱ्या अंगाला. मी थांबते न थांबते तोच बॉनेटवर झेंडूच्या माळा पडल्या, बाबांच्या सीटवर मुंडावळ्या बांधलेला नवरदेव येऊन बसला, आणि पुढं बँड, मागं बँड. एक फेटेवाले काका म्हणाले, "सूनबाई, उतरा की. पोरं चालवतील गाडी."

"हात तर लावून दाखवा," मी म्हणाले.

मग सुरू झालं नाचणं. गाडी हातभर सरकायची आणि पुन्हा बँड थांबून नवी फर्माईश. मागं जाता येईना, पुढं जाता येईना. हॉर्न वाजवला तर लोकांना वाटलं मीही रंगात आले, आणि चेकाळून आणखी नाचायला लागले. उन्हं डोक्यावर आली. नवरदेव हळूच म्हणाला, "काकू, मलाबी लई घाई हाय. पण माझं कोण ऐकायलंय?"

तेवढ्यात भावाचा फोन. "आम्ही निघालो ताई. किती वाट बघायची?"

स्टीअरिंगवर डोकं टेकून मी रडले. चारचौघांत, भर बँडमध्ये. नवरदेवानं हातातली दस्ती मला दिली. मी तिनं नाकही पुसलं.

मारुतीपाशी पोहोचलो तोवर उन्हं कलली होती आणि हमरस्ता दोन्हीकडून तुंबला होता. नवरदेव पाया पडायला उतरला. आणि समोरून, अडकलेल्या गाड्यांच्या रांगेतून, काठी टेकत बाबा चालत आले. पुण्याला जायचा रस्ताही चाकूरवरूनच की! मला ते सुचलंच नव्हतं. कुणीतरी वऱ्हाडातलं मोठं माणूस समजून त्यांच्या डोक्याला फेटाही गुंडाळला. ते शेजारच्या सीटवर बसले, धापा टाकत, हसत.

मागून भाऊ पळत आला. "बाबा, उशीर होतोय!"

"लातूरपर्यंत हिच्या गाडीत. तू ये मागनं," बाबा म्हणाले.

फेटेवाल्या काकांनी नवरदेवाला परत बसवायला गाडीकडं बोट केलं, तसा तो माझ्याकडं बघून म्हणाला, "जाऊ द्या काकूंना. मी चालत जातो मांडवात."

गर्दीतून कशीबशी गाडी वळवली. चाकूर मागं पडलं आणि रस्ता मोकळा झाला. सरळ, रिकामा, लातूरपर्यंत. मी सवयीनं पाय दाबला.

गिअरवरच्या माझ्या हातावर बाबांनी आपला थरथरता हात ठेवला. "हळू, बेटा," ते म्हणाले. "लातूर इतक्यात येऊ देऊ नको."