शेपूट धरायला माणूस

ओटावाच्या आसपास माझ्याइतकं झकास मॉडेल विमान उडवणारा मराठी माणूस दुसरा नाही. म्हणजे आम्ही होतो दोघंच, आणि मला त्या दुसऱ्यानं शिकवलं.

त्या दुसऱ्याला मी काका म्हणायचो. नागपूरचे, रिटायर झालेले, गुडघ्यांनी बेजार. मैदानाच्या कुंपणापाशी कुणी नवीन माणूस दिसला, की काका आपलं विमान गवतावर ठेवायचे आणि त्याच्याकडं बघून म्हणायचे, "जरा शेपूट धरता का भाऊ?" समोर गोरा असला तर हेच इंग्रजीत, पण चाल नागपूरचीच.

आमचं मैदान ओटावाच्या कडेला, कनाटा उपनगराच्या पुढं, एका शेतकऱ्याच्या रानात. जाणारे लोक गाडी थांबवतात, दोन मिनिटं वर बघतात आणि निघून जातात. तुम्हीही गेला असता. क्लबात सगळे म्हातारे. दर विंटर संपला की मैदानावर एखादी खुर्ची कमी. नवीन माणसं आली नाहीत, तर विमानं राहतील आणि उडवणारे संपतील, हे सगळ्यांना कळत होतं. मला त्याशिवाय आणखी एक पाहिजे होतं. नवीन माणसानं गाडीतून उतरून सरळ माझ्याकडं यावं. मी नववीत शाळा सोडलेला, गोदामात फोर्कलिफ्ट चालवणारा. मला लोक एकच प्रश्न विचारतात, "हा बॉक्स कुठं ठेवू?"

पण माणसं जायची काकांकडं. मी वर कोलांट्या मारतोय, विमान उलटं करून डोक्यावरून नेतोय, आणि खाली सगळे काकांच्या शेपटीभोवती उकिडवे बसलेले. वर बघायला कुणी नाही.

काकांचं विमान पेट्रोलचं. इंजिन सुरू झालं की ते पुढं उडी घेतं, म्हणून मागून धरायला लागतं. पण त्याला माणूस लागत नाही. जमिनीत रोवायचा लोखंडी स्टँड मिळतो, आणि तो काकांच्या डिकीत कायम पडलेला असायचा. एकदा एक गुजराती गृहस्थ, बायकोला गाडीत बसवून, गुडघे टेकून शेपूट धरून बसले होते. मला वाटलं, आपण मदत करावी. त्यांनाही कळावं म्हणून हिंदीत म्हटलं, "काका, आपका स्टँड डिकी में है ना. लाऊं क्या?"

गृहस्थ उठले, पँट झटकली, गाडीत बसले आणि गेले.

काका चिडले नाहीत. "आणा," म्हणाले. "आता लागेलच."

मग मी म्हटलं, आपणही असंच करू. आता माझं विमान थर्माकोलसारखं हलकं, बॅटरीवरचं. बटण दाबलं की चाललं. तरी एक पंजाबी बस ड्रायव्हर आला, त्याला म्हटलं, "भाईसाब, जरा पूँछ पकडना." त्यानं बिचाऱ्यानं धरली. थोड्या वेळानं विचारलं, "क्यूँ?"

मी बॅटरी काढून परत बसवली.

"छोडूँ?" तो म्हणाला.

"छोड दो."

त्यानं सोडली आणि सरळ काकांकडं गेला. आज तो क्लबाचा सेक्रेटरी आहे. मला अजून हसतो.

काकांकडं दोन रिमोट होते, एकमेकांना जोडलेले. एक शिकणाऱ्याच्या हातात, एक त्यांच्या. शिकणाऱ्याचं चुकायला लागलं, की यांनी अंगठ्यानं एक खटका हलवला की विमान यांच्या ताब्यात. ते सरळ करायचं आणि पुन्हा त्याला देऊन टाकायचं. मला हे रिमोटचं माहीत होतं. पण एकदा, हा माणूस लोकांवर काय जादू करतो ते बघू म्हणून मी मुद्दाम मागं जाऊन उभा राहिलो. एक चिनी आजी उडवत होत्या. विमान झाडांवर चाललेलं. काकांचा अंगठा हलला, विमान सरळ झालं, अंगठा परत जागेवर. आणि काका त्यांना म्हणतात, "व्हेरी गुड. यू सेव्हड् इट."

आजी उंचीनं वाढल्यासारख्या दिसल्या. मी मात्र हिशेब करायला लागलो. माझं पहिल्या दिवशीचं विमान मेपलच्या झाडात शिरता शिरता मी कसं वाचवलं, हे मी ओटावातल्या एकूण एक पॉटलकच्या जेवणाला सांगितलेलं आहे. लोक आता वाढून घ्यायच्या निमित्तानं उठतात.

"काका," मी म्हटलं, "माझ्या वेळी?"

त्यांनी चष्मा पुसला. "तुमचा हात पहिल्यापासून चांगला आहे."

"आजींनाही आत्ता हेच सांगितलंत."

"त्यांचाही आहे."

आता सांगा, अशा माणसावर जळायचं तरी कसं? पण मी जळलो. प्रयत्न केला की जमतं.

मागच्या वर्षी काका मुलीकडं विनिपेगला गेले, कायमचे. महिन्याभरात फोटो आला. तिथलं मैदान, काकांचं विमान, आणि शेपूट धरून बसलेले एक सरदारजी. मला त्या सरदारजींचाही राग आला.

इकडं नवीन लोकांचं बघायला कुणी नव्हतं, म्हणून क्लबानं मला उभं केलं. पहिल्याच शनिवारी एक गोरा शाळामास्तर आला. मी दोन रिमोट जोडले. त्याचं विमान सारखं जमिनीकडं, आणि मी सारखं वर काढून त्याला परत देतोय. उतरल्यावर मी म्हटलं, "यू सेव्हड् इट." मास्तर लाल झाला. पुढच्या शनिवारी मुलांना घेऊन येतो म्हणाला. मास्तरला शाबासकी देणारा आमच्या वर्गातला मी पहिलाच असेन.

घरी येताना बायको गाडी चालवत होती. हायवेवर ती मला देत नाही. मी तिला सगळं सांगितलं. झाडाजवळ कसं वळवलं, शेवटी कसं टेकवलं, काकांचा निदान अंगठा तरी दिसायचा, माझा तोही दिसला नाही. म्हटलं, "आणि एवढं करून मी चकार शब्द बोललो नाही. अशी गोष्ट पोटात ठेवायला मोठा माणूस लागतो."

तिनं आरशात बघितलं, लेन बदलली.

"अहो, मग हे कनाटापासून काय चाललंय तुमचं?"