गुणाकर साहेबांना न चालणाऱ्या चुण्या

बालाघाटचे गुणाकर साहेब निवृत्त झाले, तरी त्यांच्या रुमालालाही इस्त्री लागे. त्यांच्या बायकोने, अहिल्याबाईंनी, सुनेसाठी कोऱ्या सुती कापडाची गोधडी शिवली आणि मुद्दाम गरम पाण्यात धुऊन, न ताणता वाळवली. गोधडीवर छान चुण्या पडल्या. साहेबांनी दुपारभर घाम गाळून ती सपाट केली.

"काहून इस्त्री केली जी? सुनेले चुण्याच पाह्यजे होत्या!"

"लोकं काय म्हणतीन?"

अहिल्याबाईंनी गोधडी पुन्हा गरम पाण्यात टाकली, सोबत साहेबांचे सगळे सदरेही, आणि इस्त्री शेजारी देऊन टाकली. त्या रविवारी पेन्शनरांच्या बैठकीला सदरे चुरगळलेले म्हणून अध्यक्ष गुणाकर साहेब गेलेच नाहीत. बैठक पहिल्यांदाच वेळेत आटोपली.