हिरव्या लुगड्याचा चौकोन

डिंकाची बाटली उघडली की त्या वासानं मला शिरूर कासारमधली ती सकाळ आठवते. शेजारणीनं तिची विरलेली वाकळ मला देऊन टाकली होती. तिचे धड चौकोन कापून मी भिंतीवर लावायला प्लायवूडवर चिकटवले होते. ऊसतोडीला निघायच्या दिवशी ती धावतच आली. "ताई, तेवढा हिरवा तुकडा माघारी द्या. माझ्या आईच्या लुगड्याचा हाय. लेक पोटुशी हाय, तिकडं फडावरच बाळंत व्हईल. बाळाच्या दुपट्याला पायजे." बाहेर ट्रॅक्टर सुरूच होता. मी नखानं कोपरा उचकटायला गेले, तर धागे तुटू लागले. "डकवलं व्हय? घरात सुई न्हवती का?" ती म्हणाली. "मावशे, येतीस का जाऊ?" ड्रायव्हर ओरडला. मी अख्खी फळीच हौदात बुडवली. ती दारापाशी जाई, पुन्हा हौदाशी येई. अखेर चौकोन सुटला. तिनं तो ओलाच पिळून कमरेला खोचला आणि ट्रॉलीत चढली. फळीवरची ती जागा अजून मोकळी आहे, पाहुण्यांना ते डिझाइन वाटतं. तुकडे मात्र मी आता कापडावर सुईनंच टाचते, तेही लांब टाक्यांनी, एका ओढीत उसवतील असे.